आबांनी न निवडलेलं इंजिन

श्रेयांसच्या गाडीसाठी मी एक तक्ता केला होता. त्यात वजन, लांबी, बॉनेटखाली लागणारी उंची, वायरिंगची भानगड आणि आरटीओची परवानगी असे रकाने होते. जागेचं माप मी स्वतः घेतलं होतं, तीनदा, आणि तिन्ही मापांची सरासरी लिहिली होती. आबा तो कागद हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले की अक्षर चांगलं आहे.

गाडी दोन माणसांची होती, फायबरच्या बॉडीची, लाल. पंचवीसेक वर्षांपूर्वी आपल्याकडे अशा थोड्याच गाड्या बनल्या. तिचं मूळ इंजिन परदेशी होतं, त्याच्या एका सिलिंडरची भिंत फुटली होती आणि सुटे भाग कुठेच मिळत नव्हते. त्या जागी दुसरं इंजिन बसवायचं होतं. कुठलं, हे ठरवायचं काम माझ्या वडिलांकडे आलं होतं.

माझे वडील म्हणजे आबा, अभिमन मिस्त्री. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव सोडून सोळाव्या वर्षी ट्रकवर क्लीनर झाले, आणि पुढे धुळ्यात जुन्या आग्रा रोडला त्यांनी चौतीस वर्षं गॅरेज चालवलं. मग हायवे गावाबाहेरून गेला. ट्रक थांबेनासे झाले. मार्चमध्ये जागामालकाने जागा परत घेतली आणि आबांची हत्यारं आमच्या घराच्या ओसरीत आली.

श्रेयांस जळगावचा. त्याच्या वडिलांची, मांगीलालजींची, एमआयडीसीत डाळ मिल आहे. मिलच्या मागची अर्धी शेड त्यांनी मुलाला दिली होती आणि जूनपासून तिथे तो जुन्या गाड्या दुरुस्त करण्याचं वर्कशॉप सुरू करणार होता. त्याला एक मुख्य मिस्त्री हवा होता. त्याने आबांना स्वच्छ सांगितलं: ही लाल गाडी मेअखेर रस्त्यावर धावली, तर मिस्त्री तुम्ही. नाही धावली, तर मला दुसरा शोधावा लागेल.

दुसरीकडे आबांसाठी एकच काम तयार होतं. एका पेट्रोल पंपावर वॉचमनचं. पंपवाल्याने मापाचा शर्टसुद्धा पाठवून दिला होता. आईने तो घडी मोडून खिळ्याला टांगला तेव्हा आबा भिंतीकडे तोंड करून जेवले.

आणि श्रेयांसला जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. आबांना ऐकू येत नव्हतं.

हे मी मोजलं होतं. मी भौतिकशास्त्राची बीएस्सी आहे. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. फोनवर एका सुरात आवाज काढणारं एक ॲप असतं. आबांच्या उजव्या कानाला पंधराशे हर्ट्झच्या वर काही ऐकू येत नव्हतं. डाव्याला दोन हजारांपर्यंत, तेही आवाज खूप वाढवला तर. त्याखालचंही नुसतं पुसट, शब्द वेगळे न होणारं. फोन काही प्रमाणित यंत्र नव्हे, हे मान्य. पण कुकरची शिट्टी ऐकू न येणाऱ्या माणसासाठी तेवढं पुरेसं आहे. चौतीस वर्षं सायलेन्सर काढलेल्या ट्रकांपाशी कान नेला की कानाच्या आतल्या पेशी मरतात, आणि त्या परत येत नाहीत. डॉक्टरांनी मशीन दिलं होतं. आठ दिवस लावलं. पान्हा खाली पडला की गोळी सुटल्यासारखं वाटायचं, म्हणून काढून डबीत ठेवलं. खरं कारण ते नव्हतं. कानाला मशीन लावलेल्या मिस्त्रीकडे कोण गाडी आणतं?

तेव्हापासून मी गॅरेजमध्ये त्यांच्या शेजारी उभी राहायची. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, आबांना माझं तोंड दिसेल अशी, मी आवाजाचं वर्णन करायची. व्हॉल्व्ह वाजतोय, पंखा घासतोय. आबा मान हलवायचे आणि हत्यार उचलायचे. दोन वर्षं कुणाला कळलं नाही.

इंजिनाचा प्रकार ठरवताना कानाची गरज नव्हती. डिझेल मी आधीच बाद केलं; ते पुढच्या बाजूला ऐंशी किलोने जड, शिवाय इंधन बदललं की आरटीओचे वेगळे हेलपाटे. नवं बाराशे सीसीचं हलकं आणि छान होतं, पण त्याच्याबरोबर त्याचा कॉम्प्युटर, त्याचं सगळं वायरिंग आणि चावीसुद्धा आणावी लागते. उरलं ते नव्वदीच्या दशकातल्या सेडानमधलं तेराशे सीसीचं पेट्रोल. ॲल्युमिनियमचं, हलकं, आणि ज्याचे भाग जामनेरच्या टपरीतही मिळतात असं. श्रेयांसने तक्ता दोनदा वाचला आणि मला विचारलं की तू नोकरी का करत नाहीस. मी म्हटलं, शोधतेय.

आता त्या प्रकारातलं एक चांगलं इंजिन मिळवायचं होतं.

धुळ्याबाहेर सुरत रस्त्याला जीवरामचं भंगाराचं आवार आहे. तिथली रीत खान्देशातल्या सगळ्या मिस्त्रींना ठाऊक आहे. जीवराम इंजिन लोखंडी घोडीवर चढवतो, बॅटरी जोडतो, डब्यातून पेट्रोलची नळी लावतो आणि दोन मिनिटं चालवतो. त्या दोन मिनिटांत इंजिनाजवळ फक्त मिस्त्री. गाडीमालक आणि बरोबरची माणसं पिंपांच्या रांगेपलीकडे उभी. कुणी बोलायचं नाही. बोललं की जीवराम इंजिन बंद करतो आणि परत लावत नाही. मिस्त्रीला इंजिन पटलं की त्याने खडूने त्यावर आपली खूण करायची. खूण झाली की भाव नाही, वाद नाही, परत घेणं नाही. ते इंजिन मिस्त्रीच्या नावावर गेलं. पुढे बिघडलं तर जीवराम एवढंच म्हणतो की ज्याने खूण केली त्याला विचारा.

म्हणून मी आणि आबांनी आधी ठरवून ठेवलं. मी पिंपांपलीकडून ऐकेन. हातात पाण्याची बाटली असेल. आवाज चांगला असेल तर पाणी पिईन, नसेल तर नाही. मे महिन्यात चव्वेचाळीस डिग्रीत कुणी पाणी प्यायलं तर कुणाला काय संशय येणार?

आम्ही तिघं आत शिरलो तेव्हा जीवराम बाजेवर बसून कलिंगड खात होता. त्याने मला खालीवर पाहिलं.

"आबा, इंजिन देखाले उनात, का जवाई देखाले?"

आबांना ऐकू गेलं नाही. मीच म्हटलं, "इंजिनच, काका. जावयाची गॅरंटी नसते."

"गॅरंटी मनाकडे बी नही, बेटा," तो म्हणाला आणि बी थुंकला. श्रेयांस हसला. मीही हसले.

त्या प्रकारची दोन इंजिनं होती. पहिलं सुरू झालं आणि मला वाटलं कुणीतरी शिलाई मशीनवर डबे शिवतंय. वरच्या बाजूने सारखी टिकटिक, मध्येच एखादी चुकल्यासारखी. आबा त्याच्यापाशी उकिडवे बसले. त्यांनी तेलाची पट्टी काढली, तेल दोन बोटांत चोळलं, हुंगलं. मग डावा तळहात इंजिनाच्या खालच्या अंगाला, तेलाच्या टाकीच्या कडेशी ठेवला आणि डोळे मिटले. लोकांना वाटावं की मिस्त्री ऐकतोय म्हणून ते तसं करतात, असं मी समजत होते. मी बाटली उघडली नाही.

दुसरं सुरू झालं ते तुपासारखं. एकही सुटा आवाज नाही. आबांनी तेच सगळं केलं: पट्टी, बोटं, तळहात. तळहात या वेळी जास्त वेळ ठेवला. मी पाणी प्यायले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि उठून पहिल्या, बंद केलेल्या इंजिनाकडे गेले. खडू हातात होता. त्यांनी पुन्हा मान वळवली. त्यांना दिसलं नसावं असं समजून मी दुसऱ्यांदा बाटली तोंडाला लावली, मोठा घोट घेतला, हनुवटीवर सांडलासुद्धा.

आबा परत आले आणि त्यांनी दुसऱ्या इंजिनावर खूण केली.

परतताना मी खूश होते. दोन मिनिटांचा आवाज मी फोनवर टिपून घेतला होता आणि घरी त्याचा आलेख काढला. तीन हजार हर्ट्झच्या वर जवळजवळ काहीच नव्हतं. मी तो आईलाही दाखवला.

इंजिन बसवायला अकरा दिवस लागले. आम्ही जळगावला शेडमध्येच राहिलो. आबा खाटेवर, मी ऑफिसच्या खोलीत. त्या अकरा दिवसांत मी माझे वडील पुन्हा पाहिले. त्यांनी इंजिन धरायचे आधार स्वतः पत्रा कापून, जोडून बनवले. गिअरबॉक्स आणि इंजिन यांच्यामध्ये लागणारी तबकडी एका कातकाम करणाऱ्याकडून तीन वेळा परत करून आणली, कारण ती केसाइतकी कमी भरत होती. मी मायक्रोमीटर लावून आकडा सांगायच्या आधीच त्यांनी अंगठा फिरवून ती बाजूला ठेवलेली असायची. श्रेयांस रोज संध्याकाळी यायचा, स्टुलावर बसून बघायचा, आणि जाताना त्यांना आबा म्हणायचा. पहिल्या दिवशी मिस्त्री म्हणत होता.

जुनं तेल शेवटी काढायचं असतं, म्हणजे तोवर आत गंज धरत नाही. बाराव्या दिवशी दुपारी आम्ही ते काढायला घेतलं. चार वाजता श्रेयांस येणार होता, पहिल्यांदा गाडी सुरू करायला. मी गाडीखाली आडवी झाले, ट्रे सरकवला आणि नट काढला.

तेल धारेने आलं नाही. दोरीसारखं आलं. आणि ट्रेच्या तळाशी ती दोरी वेटोळं घालून बसू लागली, एकावर एक, काकवी ओतल्यावर बसते तशी. मी बघत राहिले. दाट द्रव उंचावरून सोडला की असं वेटोळं घालतो, हे मी कॉलेजात शिकले होते आणि मला ते फार आवडायचं. इंजिनाच्या तेलात मात्र एवढा दाटपणा नसतो. मे महिन्यात तर नाहीच. कुणीतरी आत गिअरचं तेल किंवा त्याहून घट्ट काहीतरी भरलं होतं. तसं करण्याचं कारण एकच. आतलं बेअरिंग झिजलं की तिथे पोकळी होते आणि दर फेऱ्याला ठोका बसतो. घट्ट तेल ती पोकळी भरून काढतं. इंजिन थंड असेतोवर, दोन मिनिटं, ते तुपासारखं चालतं.

मी बाहेर आले आणि ट्रे आबांसमोर ठेवला. त्यांनी बोट बुडवलं नाही. नुसतं पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं," मी त्यांच्या तोंडासमोर म्हटलं.

त्यांनी चिंधीने हात पुसले, एकेक बोट. मग सांगितलं की आवारातच तेल बोटाला धरलं होतं. आणि इंजिनाच्या अंगाला हात लावला तर हाताला काहीच लागलं नाही. चांगलं इंजिनही हाताला काहीतरी सांगतं. हे नुसतं गप्प होतं, तोंड दाबून धरल्यासारखं. पहिलं वाजत होतं ते वरून, व्हॉल्व्हच्या फटी वाढल्या होत्या म्हणून. दोन तासांचं काम. खालून ते घट्ट होतं.

"टिकटिक करस ते जित्तं शे," ते म्हणाले.

"मग खूण का नाही केली त्याच्यावर?"

"तू दोनदा पाणी पिनी."

"पण तुमचा हात सांगत होता ना?"

"तू शिकेल शे," आबा म्हणाले. "माले वाटनं, मना हातच चुकना व्हई."

मला आठवतं, मी त्या क्षणी घड्याळ पाहिलं. तीन वाजून पाच मिनिटं. मी म्हटलं आपण जीवरामकडे परत नेऊ. ते म्हणाले खूण केली आहे. मी म्हटलं इंजिन उतरवून खोलून बघू. ते म्हणाले सगळं खोलायचं तर आठ दिवस, आणि मे संपायला पाचच आहेत. मी म्हटलं श्रेयांसला आत्ताच सांगू, मी सांगते, माझी चूक आहे. त्यावर ते काहीच बोलले नाहीत, कारण मी बोलताना तोंड वळवलं होतं. मी पुन्हा समोर येऊन म्हटलं. ते म्हणाले, काय सांगशील? की मिस्त्री पोरीला विचारून खूण करतो? आणि का करतो, असं त्याने विचारलं तर?

खोटं बोलले तर आबा चुकीचं इंजिन निवडणारे मिस्त्री ठरत होते. खरं बोलले तर बहिरे. दोन्हीकडून तो खिळ्यावरचा शर्टच होता.

आबांनी नवं तेल भरलं, नेहमीइतक्याच काळजीने. "देखूत," ते म्हणाले. कधी कधी झीज थोडी असते, चालून जातं.

श्रेयांस चारला दहा कमी असतानाच आला, नवा शर्ट घालून. गाडी पहिल्या चावीत सुरू झाली. थंड इंजिन नव्या तेलावरही बऱ्यापैकी गप्प होतं. मी वाकून ऐकलं, खालून अगदी बारीक, दाराआडून कुणी बोटाने ठकठक करावं तसं काहीतरी होतं. श्रेयांसला ते ऐकू आलं नसावं. तो आबांच्या पाया पडला. आबा मागे सरकले. मग तो मला म्हणाला, बस, पहूरपर्यंत जाऊन येऊ.

अजिंठा रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना केळीची खोडं उन्हाने करपलेली होती. गाडी खरोखर सुंदर चालत होती, आणि त्याचंच मला सहन होत नव्हतं. तिसऱ्या गिअरमध्ये ती अशी उचलली जायची की श्रेयांस लहान मुलासारखा हसायचा. माझी नजर तापमानाच्या काट्यावर होती. काटा चढत होता आणि मी मनात तेलाचा दाटपणा उतरताना बघत होते. चाळीस डिग्रीला जेवढा असतो त्याच्या सातवा हिस्सा नव्वदला उरतो.

नेरी गाव मागे पडलं आणि ठोका सुरू झाला. खालून, जड, दर फेऱ्याला. पाय दाबला की मोठा.

"हा कसला आवाज?" श्रेयांसने विचारलं.

"बॉडीचा असेल. फायबर आहे," मी म्हटलं.

मी आजवर कुणाला चुकीचं मोजमाप सांगितलं नव्हतं. त्याने पाय काढला, दाबला, पुन्हा काढला. तोही काही अडाणी नव्हता. पहूरला न जाता त्याने गाडी एका हॉटेलाच्या अंगणात वळवली आणि चाळिसाच्या वेगाने आम्ही परत आलो. वाटेभर ठोका सारखा बोलत होता.

आबा शेडच्या दारात उभे होते. गाडी आत शिरतानाच त्यांनी आमचे चेहरे पाहिले आणि त्यांना कळलं.

श्रेयांस उतरून म्हणाला, "आबा, बेअरिंग वाजतंय." मग जरा थांबून, "खूण तुम्हीच केली होती."

"हां. मीच करी," आबा म्हणाले, आणि वळून पान्हे पिशवीत भरू लागले. मोठे खाली, लहान वर, जसे ते नेहमी भरतात. श्रेयांस त्यांच्या पाठीशी बोलत होता. तो म्हणत होता की इंजिन फसवं निघू शकतं, मला समजतं, पण पाच दिवस उरलेत आणि पुढच्या गाड्यांचे लोक मला विचारतील की तुझा मिस्त्री कसा. तो रागाने बोलत नव्हता. आबांना त्यातलं काहीच ऐकू जात नव्हतं, आणि ते उत्तर देत नाहीत याचा अर्थ श्रेयांस वेगळाच घेत होता. त्याचा चेहरा बदलताना मला दिसत होता.

"खूण त्यांची होती," मी म्हटलं. "निवड माझी. ते पहिल्या इंजिनावर खूण करत होते. मी थांबवलं."

"तू पिंपांपलीकडे होतीस."

मी बाटलीचं सांगितलं. पहिला घोट, दुसरा घोट, हनुवटीवर सांडलेलं पाणी. तो ऐकत होता आणि कपाळाला आठ्या पडत होत्या.

"पण मिस्त्री ते आहेत, ललिता. ते तुझं कशाला ऐकतील?"

आबा पिशवी बांधून वळले होते. त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या. बहुधा शेवटचा शब्द त्यांनी ओठांवरून टिपला असावा.

"माले ऐकू येस नही, श्रेयांसभाऊ," ते म्हणाले. "दोन वरीस व्हयनात."

शेडमध्ये गाडीचा पंखा आपोआप फिरत होता, तो थांबला. श्रेयांसने तोंड उघडलं आणि मोठ्याने, एकेक शब्द तोडत विचारलं की मग इंजिन कशावरून ओळखता.

"वरडू नको. तोंड समोर ठेव," आबा म्हणाले.

मग त्यांनी पिशवी खाली ठेवली. मला गाडी सुरू करायला सांगितलं, श्रेयांसचं मनगट धरलं आणि त्याला खाली बसवून त्याचा तळहात तेलाच्या टाकीच्या कडेवर टेकवला. श्रेयांसने चटका बसून हात काढला. आबांनी मध्ये चिंधी घातली आणि पुन्हा टेकवला. मी पुढच्या चाकापाशी बसून बघत होते. ठोका त्याच्या कोपरापर्यंत जात असणार, कारण तो कोपराकडे बघत होता. आबांनी हात थोडा पुढे सरकवला, आणखी थोडा, आणि तिथे थांबले. तिसऱ्या सिलिंडरखाली. मग वरच्या झाकणावर नेला. मग पुन्हा खाली. हे सगळं ते न बोलता करत होते, आणि मला लाज वाटत होती, कारण दोन वर्षं त्यांच्या शेजारी उभी राहून मी एकदाही विचारलं नव्हतं की तुम्ही हात कशासाठी ठेवता.

श्रेयांस उठला. त्याने हात पॅंटला पुसला. आबांना नाही, मला म्हणाला: मला विचार करू दे.

आम्ही बसने धुळ्याला परतलो. पारोळ्यापर्यंत आबा झोपले, किंवा डोळे मिटून बसले. मी बसच्या पत्र्याला तळहात लावून पाहिला. सगळं एकच थरथर. मला त्यातलं काही म्हणजे काही वेगळं करता येईना. घरी आईने विचारलं, मी सांगितलं. ती शर्टाला इस्त्री करायला उठली, आणि आबांनी तिला थांबवलं नाही.

सकाळी नऊला माझ्या फोनवर श्रेयांसचा फोन आला. आबांच्या नोकरीबद्दल मी काहीच बोलत नाहीये, असं त्याने आधी बजावलं. घरी वडिलांनी त्याला वेड्यात काढलं होतं. मग म्हणाला की अकराला मिलची गाडी घेऊन येतो, जीवरामकडे जाऊ, आबांना तयार राहायला सांग. रात्रंदिवस काम केलं तर उरलेल्या चार दिवसांत दुसरं इंजिन बसेल का, हे विचार. मी आबांच्या समोर जाऊन विचारलं. आधार तयार होते, तबकडी तयार होती. त्यांनी चार बोटं दाखवली.

फाटकाशी आम्हाला गाडीत बघूनच जीवरामने आधी हात झटकले. परत घेणार नाही, आपली रीत आहे. श्रेयांस म्हणाला परत द्यायला आलोच नाही. टिकटिक करणारं इंजिन दोंडाईच्याच्या एका माणसाने दोनच दिवसांपूर्वी नेलं होतं. त्या जातीची आणखी तीन होती, नव्याने आलेली, आतून कशी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि या वेळी चूक परवडणारी नव्हती.

मी सवयीने गाडीतून उतरायला लागले. आबांनी दार बाहेरून धरलं.

"तू गाडीमाच बैस," ते म्हणाले. रागाने नाही. गॅरेजमध्ये ते मला जसं सांगायचे, तो जॅक धर, तसं.

ते आणि श्रेयांस आत गेले. पिंपांच्या रांगेपाशी श्रेयांस थांबला. घोडीवर पहिलं इंजिन चढलं आणि सुरू झालं. मला आवाज येत होता आणि माझं डोकं लगेच कामाला लागलं: वरच्या बाजूला बारीक फुसफुस, फेरे थोडे अस्थिर. मी काच वर केली. दुसरीही केली. आत भट्टी झाली. आवाज थांबला नाही, पण पुसट झाला, आणि मग मी कानांत बोटं घातली.

आता नुसतं दिसत होतं. आबांचे ओठ मिटलेले. दोन बोटांत तेल. तळहात खालच्या कडेला, मग एक वीत पुढे. जीवराम घड्याळ बघत होता. दुसरं इंजिन चढलं. तिसरं. घाम डोळ्यांत जात होता आणि मला तिन्हींतला फरक कळत नव्हता. कुठलं चांगलं, कुठलं तोंड दाबून गप्प बसलेलं. आबा परत दुसऱ्यापाशी गेले आणि जीवरामला ते पुन्हा लावायला सांगितलं. तो काहीतरी म्हणाला. बहुधा टोमणा. आबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही, त्यामुळे तो वाया गेला, आणि जीवरामने बॅटरी जोडली.

ते उकिडवे बसले आणि हात ठेवून राहिले. फार वेळ. श्रेयांस दोन पावलं पुढे आला होता. मी खिडकीतून आबांच्या पाठीकडे बघत होते, त्यांनी वळावं म्हणून, आणि वळू नये म्हणूनही. त्यांनी खडू काढला. एकदाही गाडीकडे पाहिलं नाही.